नागवेणी अक्कांचा चौथा रकाना

तक्त्यातले दोन रकाने एकमेकांच्या जागी जाऊन बसले, यात गणपती हेगड्यांखेरीज दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता. पावसाळ्यात सुपारीच्या घडांना टोप्या बांधल्या तर घड कुजवणारा कोळेरोग किती आटोक्यात येतो, हे त्यांनी तीन वर्षं झाडाझाडाखाली उभं राहून मोजलं आणि छापायला देताना टोपीवाल्या घडांचे आकडे बोडक्या घडांखाली लिहिले. निबंध छापून आला. तीर्थहळ्ळीच्या आसपासच्या टोप्या बांधणाऱ्या बागाईतदारांची पिढ्यान्‌पिढ्यांची अक्कल एका पानात खोटी ठरली. पुढल्याच अंकात हेगड्यांनी दोन ओळींची दुरुस्ती दिली, पण दुरुस्ती वाचतो कोण?

माणूस इतका ठळक चुकला की विद्वानांना राहवत नाही. केरळपासून आसामपर्यंत जो तो हेगडे कसे चुकले ते लिहू लागला, आणि तसं लिहायचं तर त्यांच्या निबंधाचा उल्लेख करणं आलं. बारा वर्षांत असे उल्लेख झाले शहाण्णव. संगणकाला ओवी आणि शिवी सारखीच, तो दोन्ही एकेक मोजतो. त्यामुळे हेगडे मोठे शास्त्रज्ञ झाले. निदान कागदावर.

प्रमुख शास्त्रज्ञाच्या जागेचा अर्ज निघाला तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. पन्नाशीनंतर अर्ज करता येत नसे, म्हणजे गाडी हीच आणि शेवटचीच. अर्जात दोन गोष्टी मागितल्या होत्या. तुमच्या कामाचे उल्लेख इतरांनी किती केले, आणि तुम्ही कुणाकुणाबरोबर काम केलं. दोन्हींवर त्यांच्या संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाची सही हवी. आणि ग्रंथालय म्हणजे नागवेणी अक्का.

अक्का सागर गावाकडच्या. कन्नड घेऊन बी. ए. झालेल्या. एकोणतीस वर्षांपूर्वी पुस्तकांवरची धूळ झटकायच्या कामावर लागल्या आणि धूळ झटकता झटकता पुस्तकं उघडू लागल्या. बुरशीचं शास्त्र त्यांना आजही कळत नाही. पण एक शास्त्रज्ञ दुसऱ्याचं नाव घेतो त्या वाक्याचा सूर कसा आहे, हे त्यांना लग्नघरातल्या मोठ्या नणंदेसारखं बरोबर कळतं. त्यांच्या वहीत चार रकाने. कुणी, कुठे, कधी आणि चौथा, कशाला. या चौथ्या रकान्यात त्यांचे स्वतःचे शब्द असत. ‘वापरलं’ म्हणजे खरोखर उपयोग केला. ‘मिरवलं’ म्हणजे नुसतं नाव घेतलं. ‘मुय्याळु’ म्हणजे आज मी तुझी सुपारी सोलायला येतो, उद्या तू माझी सोलायला ये. शेजारच्या खोलीतल्या श्रीधर अडिगांचे दोनशे उल्लेख त्यांनी तपासले, तर त्यात दीडशे मुय्याळु निघाले. अडिग सहा महिने बोलत नव्हते. मग ग्रंथालयात अक्का उकळायच्या त्या जिरं-मिऱ्याच्या कषायाची आठवण त्यांना सोसवेना, आणि ते मुकाट्यानं परत येऊ लागले.

हेगड्यांनी संगणकातून काढलेला कागद अक्कांपुढे ठेवला, एकूण तीनशे बारा. अक्कांनी चष्मा लावला आणि ठेवून जा म्हणाल्या.

“सहीच तर करायची, अक्का. आकडा आहे तो, वाचायचं काय त्यात?”

“आकडा तुम्ही वाचलात. मी वाक्यं वाचते.”

वाक्यं वाचायला त्यांना सहा आठवडे लागले. न मिळालेले निबंध त्यांनी कुठकुठल्या ग्रंथपालांना गळ घालून मागवले. हेगड्यांबरोबर ज्या तेवीस जणांची नावं छापली होती, त्या एकेकाला फोन लावून विचारलं की तुम्ही मिळून नेमकं केलं काय. चौघांनी उलट अक्कांनाच विचारलं, कोण हेगडे? जोरहाटच्या निरुपमा हजारिका मात्र फोनवर तासभर बोलल्या. तक्त्यातली चूक सगळ्यांत आधी पकडून हेगड्यांना पत्रातून झाडलं होतं ते यांनीच. हेगड्यांनी उत्तरात वाद न घालता आपल्या मोजमापाच्या सगळ्या वह्या त्यांना धाडून दिल्या. मग दोघांनी सात वर्षं दोन्हीकडच्या बागांत तेच काम पुन्हा केलं.

दाखला तयार झाला. शहाण्णवपैकी एकसष्ट उल्लेखांसमोर लिहिलं होतं, ‘चूक दाखवली’. चौघे सहकारी ‘ओळखत नाहीत’. आणि हजारिकांबरोबरच्या कामाचे चौऱ्याहत्तर उल्लेख, सगळे ‘वापरलं’.

हेगड्यांनी दाखला शेवटपर्यंत वाचला. घरी दोन मुलींची कॉलेजं, गावात म्हातारी आई, आणि बायकोनं तर शेजारणीला सांगूनही टाकलेलं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “अक्का, ‘चूक दाखवली’ऐवजी ‘चर्चा केली’ लिहिता येईल. खोटं नाही ना ते?”

“सारात मीठ नाही असं तुमच्या सासऱ्यांनी म्हटलं, तर ती सारावर चर्चा का हो?”

कागद तसाच गेला, आणि बंगळूरला मुलाखतीच्या दारात बसताना ते मनातल्या मनात आईला सांगायचे शब्द जुळवत होते.

समितीच्या अध्यक्षांनी दाखला दोनदा वाचला. हे एकसष्ट काय, असं विचारलं. तिथे मी चुकलो होतो, हेगडे म्हणाले. आणि हे चौऱ्याहत्तर? ज्यांनी चूक दाखवली, त्यांच्याचबरोबर बसून ती निस्तरली. अध्यक्षांनी मान हलवली आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं. त्याचे उल्लेख नऊशे होते. या नऊशेंत तुम्हाला चुकीचं ठरवणारे किती, असं विचारल्यावर तो आपला एकूण आकडाच पुन्हा सांगत राहिला, हे हेगड्यांना नंतर शिपायाकडून कळलं.

तीन आठवड्यांनी नेमणुकीचं पत्र आलं. हेगडे केसरीभाताचा डबा घेऊन ग्रंथालयात गेले. अक्का नव्या अंकांवर शिक्के मारत होत्या. हेगडे बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी त्यांनी मनातलं विचारलं, “खरं सांगा अक्का, असं सरळ लिहिलं तर समितीला पटेल, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?”

“छे हो, तुम्ही पडणार अशी माझी खात्री होती.”