शेवटचं वाक्य सासूबाईंचं

चष्म्याच्या दुकानात डॉक्टरचा कागद न आणणारी गिऱ्हाइकं फार. कागद मागितला की नाकावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "ह्याच्यावरून करा की." मग तो चष्मा यंत्राखाली धरायचा, जुन्या काचेचा नंबर बघायचा आणि तोच नव्या काचेला द्यायचा. वहिनींच्या हाताला ते काम इतकं बसलं होतं की बोलता बोलता व्हायचं. मालक त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनी म्हणत, आणि गल्लीत त्या चष्मेवाल्या वहिनी झाल्या होत्या. मालक प्रत्येकाला ऐकवायचा, "जुन्यावरून काढला की जुनी चूकपण फुकट मिळते हां!" आणि लगेच पावती फाडायचा.

लिहिण्याचं खूळ त्यानंच डोक्यात घातलं. दुकानाच्या फेसबुकच्या पानावर डोळ्यांच्या काळजीबद्दल चार ओळी टाका म्हणाला. वहिनींनी लिहिलं, "डोळा हा शरीराचा अमूल्य अवयव आहे." ते मालकानं वाचलं आणि त्याच्या मेव्हण्यानं. तिसरं कुणी नाही. पण हाताला खाज सुटली होती. वहिनींनी स्वतःचा ब्लॉग उघडला आणि लिहायचं कसं हे कळेना म्हणून इतरांचं वाचायला लागल्या.

पहिल्यांदा त्या जहाजावरच्या एका निवृत्त इंजिनिअरच्या प्रेमात पडल्या. त्याचं एकेक वाक्य लाटेसारखं येऊन पायाशी फुटायचं. वहिनींनी तसं बसस्टॉपवर लिहून पाहिलं. वाक्य सुरू केलं तेव्हा बस यायची होती, संपेपर्यंत दोन निघून गेल्या. स्वतःलाच धाप लागली.

मग त्यांना औषधवाल्या बाई सापडल्या. ह्या बाईंचं औषधाचं दुकान होतं. वाक्यं छोटी, गोळीसारखी. दुकानात काहीतरी घडायचं, ते घेऊन बाई घरी यायच्या, आणि शेवटी त्यांच्या सासूबाई एकच वाक्य असं काही टाकायच्या की वाचणारा खुर्चीतल्या खुर्चीत हसायचा. वहिनींनी दुकानातलीच युक्ती वापरली. बाईंचा लेख समोर ठेवायचा, त्यातल्या गोळ्या काढायच्या, तिथं चष्मे घालायचे. खोकल्याच्या औषधाच्या जागी वाकलेली दांडी. हळूहळू समोर काही न ठेवताही तसं जमायला लागलं. अडायचं ते शेवटच्या वाक्याला.

कारण वहिनींच्या सासूबाई बोलतच नसत. त्यांच्याकडे दोनच बोल होते: "बरं" आणि "राहू दे." भाजीत मीठ पडलं नाही, राहू दे. मुलगा वाढदिवस विसरला, राहू दे. वहिनी कामावरून यायच्या वेळेला सासूबाई चहा करून त्यावर बशी झाकून ठेवायच्या आणि आपल्या खोलीत जाऊन बसायच्या. अशा माणसावर लेख संपवायचा कसा? "राहू दे"वर तर सुरूसुद्धा होत नाही.

तेव्हा वहिनींनी वाक्य करून घातलं. लेख नव्या पडद्यांवर होता. शेवटी त्यातल्या सासूबाई म्हणाल्या, "पडदा बदलला म्हणून घरात कोण राहतं ते लपत नाही." वाचणारे खूश. पुढच्या लेखात त्या सुनेला म्हणाल्या, "तुझं आवरून होईपर्यंत माझं आवरायची वेळ येईल." ह्यावर तर लोक तुटून पडले. "तुमच्या सासूबाई म्हणजे मिरचीचा ठेचा!" "अशा खाष्ट सासूला सांभाळता, कोपरापासून नमस्कार." वहिनींनी त्या नमस्काराला उत्तर दिलं नाही, पण तो परत मात्र वाचला.

"आमच्या ऑफिसातल्या बायका विचारतात, आई खरंच अशा आहेत का?" नवरा एकदा जेवताना म्हणाला.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? घरात मला बोलायला कुठं मिळतं म्हटलं."

सून काहीतरी लिहिते एवढं सासूबाईंना माहीत होतं. काय लिहिते ते त्यांनी विचारलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी नणंदेचा फोन आला. वहिनींचे हात भांड्यांत होते, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. सासूबाई टेबलाशी मटार सोलत होत्या.

"वहिनी, माझ्या आईनं तुझं काय घोडं मारलं होतं गं? 'माझं आवरायची वेळ येईल' असं आई बोलली? कधी बोलली? माझ्या अख्ख्या जन्मात तिनं कुणाला 'सरक तिकडं' म्हटलेलं मी ऐकलं नाही! माझी जाऊ मला वाचून दाखवते आणि वर दात काढते."

"अगं, ते नुसतं लिहायचं म्हणून..."

"तू बोलूच नकोस. आई, ऐकतेस ना? रविवारी येते न्यायला. कपडे भरून ठेव."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. एक दाणा टेबलावरून घरंगळला, तो त्यांनी उचलून भांड्यात टाकला.

वहिनींनी नळ बंद केला. सासूबाई गेल्या तरी घर चाललं असतं, अडलं काही नसतं. पण त्या गेल्या की लिहिलेलं सगळं खरं ठरणार होतं. खाष्ट सासू, पटलं नाही, गेली लेकीकडे. ह्या घराबद्दल लोकांना तेवढंच ठाऊक राहणार होतं, आणि ते वहिनींनीच सांगितलेलं.

"आई, मी आत्ताच्या आत्ता सगळं काढून टाकते."

"काढू नकोस. आधी मला वाचू दे."

"मी वाचून दाखवते ना."

"नको. तू नको तिथं खोकशील."

सासूबाईंनी हात पुसले, फोन घेतला, लांब धरला, जवळ आणला, दिव्याखाली नेला. मग खाली ठेवला.

"दिसत नाही?"

"दिसतं तसं. अक्षरं पळतात."

वहिनींनी त्यांचा चष्मा हातात घेतला. तो त्यांनीच करून आणला होता, आधीच्या चष्म्यावरून. आधीचाही त्यांनीच, त्याच्या आधीच्यावरून. गिऱ्हाइकांना "एकदा डोळे तपासून घ्या" सांगून त्यांचं तोंड दुखायचं. घरच्या माणसाला मात्र डोळे तपासायला दुकानापर्यंत कधी नेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेलं. दुकानात आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी तपासलं, कागदावर लिहिलं, आणि वहिनींकडे बघून म्हणाले, "ह्या चष्म्यानं ह्या कशा वावरत होत्या?" मालकानं मान खाली घालून काच पुसायला घेतली. नेहमीचं वाक्य आज त्यानं गिळलं.

घरी येताना वहिनी म्हणाल्या, "आई, त्रास होत नव्हता का?"

"होत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या कौतुकानं करून आणलेला. राहू दे म्हटलं."

शनिवारी नवा चष्मा आला. सासूबाई फोन घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. वहिनी काही ना काही निमित्तानं दारावरून जात होत्या. आतून एकदा खुसखुस आल्यासारखी वाटली, पण ती खुर्चीची करकरही असू शकते. कपड्यांची बॅग पलंगावर होती. अर्धी भरलेली.

जेवायला बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बोलते छान गं ती."

"कोण?"

"ती तुझी सासू. पण मेलीला चहा करता येत नाही वाटतं. एकदाही केलेला लिहिला नाहीस."

नवऱ्यानं पाण्याचा घोट घेतला तो बराच वेळ संपेना.

रविवारी नणंद आली ती तरातरा खोलीत. वहिनीकडे बघितलंही नाही. कपाट उघडलं, कपडे काढले, एक बॅगेत घातला, दोन परत काढले, शाल कुठंय, औषधं कुठंयत, ही बॅग लहान आहे, दुसरी का नाही काढली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून नव्या चष्म्यातून लेकीकडे बघत होत्या.

"तुझं आवरून होईपर्यंत," त्या म्हणाल्या, "माझं आवरायची वेळ येईल."

नणंदेच्या हातातली शाल तशीच राहिली. "आई!"

"काय आई? लिहिलंय ना मी असं बोलते म्हणून. बस आता. चार दिवस येते तुझ्याकडे, बुधवारी आणून सोड. गुरुवारी मला चष्म्याच्या दांड्या बसवून घ्यायच्यात, कानामागे रुततात."

"पण वहिनीनं जे केलं..."

"त्याचं माझं मी बघते."

गेल्या, आणि गुरुवारी दुकानात येऊन दांड्या बसवून घेतल्या. वहिनी दांडी गरम करून वाकवत होत्या तेव्हा सासूबाईंनी हिशेब मिटवला. "यापुढं माझ्या तोंडी काही घालायचं झालं तर आधी मला दाखवायचं."

पुढचा लेख त्यांनी टेबलाशी बसून वाचला. शेवटचं वाक्य वहिनींनी दोन दिवस घासूनपुसून केलेलं होतं. सासूबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काढ."

"बरं नाही का?"

"बरं आहे. पण मी गप्प बसले असते."

वहिनींनी काढलं. त्या जागी काय लिहायचं ते औषधवाल्या बाईंकडे सापडेना, कारण त्यांच्या सासूबाई गप्प बसतच नव्हत्या. अखेर लेख चहावरच्या बशीपाशी थांबला. लोकांना तो फारसा आवडला नाही. ठेचा कमी झाला, असं एकानं कळवलं. कोपरापासून नमस्कार करणाऱ्या बाईंनी काळजीनं विचारलं, "सासूबाईंची तब्येत बरी आहे ना?"

वहिनींनी ते वाचून दाखवलं आणि काय उत्तर देऊ विचारलं.

सासूबाईंनी थोडा विचार केला.

"बरी आहे म्हणावं," त्या म्हणाल्या. "चौकशी केली म्हणून तिला चहाला बोलाव. ठेच्याचं काय ते समोर बघू."