पेंढ्याचं काळं पाणी

लग्नाला तीन वर्षं झाली आणि नवरा तापाने गेला. लढाईचे दिवस होते. पोशीरला सासरी माझ्याशी कुणी फारसं बोलेना, मीही कुणाशी बोलेना. शेवटी भाऊ आला. खालापूरकडे एका कागदाच्या गिरणीत तो होता, तिथेच त्याने मला कामाला लावलं.

गिरणीत भाताचा पेंढा कॉस्टिक सोड्याच्या जळजळीत पाण्यात शिजवत. लगद्याचा कागद होई आणि उरलेलं काळं पाणी ओढ्यात जाई. लढाईमुळे बॉयलरला दगडी कोळसा पुरेना, तेव्हा गिरणीच्या केमिस्टसाहेबांनी त्या पाण्यात ॲसिड घालून पाहिलं. तळाशी तपकिरी चिखल बसला. तो धुऊन, उरल्यासुरल्या कोळशाच्या भुकटीत कालवून बॉयलरसाठी गोळे वळायचं काम मागच्या शेडमध्ये आम्हा चार बायकांना मिळालं.

"पेंढा ताठ उभा राहतो ना, तो याच्याच जोरावर," साहेब म्हणाले. "झाडातला डिंकच समजा."

मी मान हलवली. डिंक असो की शेण, मला सारखंच होतं. वळायचे, उन्हात मांडायचे, घरी जायचं.

एकदा चिखलाचं पिंप समजून मी शेजारच्या पिंपातल्या, ॲसिड न घातलेल्या कच्च्या काळ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला.

"अगं, हात काढ! जळंल ना!" शेजारची बाई किंचाळली.

साहेबांनी धावत येऊन हात नळाखाली धरला. कातडी साबणासारखी बुळबुळीत लागत होती.

"दुखतंय का?"

"नाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हाताला फडकं बांधून मला घरी धाडलं.

तिसऱ्या दिवशी भावजय मला भाकरी भरवत होती. मध्येच मला रडू फुटलं, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा.

"लई दुखतंय का गं?"

"हां," मी म्हटलं. हात दुखत होताच, पण रडू त्याचं नव्हतं.

पुढे गोळे चांगले जमले. बॉयलरवाला एकदा मुद्दाम शेडमध्ये येऊन म्हणाला, "बाई, तुमचे गोळे फुटत नाय हां. जाळ धरून ऱ्हातात." मला बरं वाटलं असावं.

लढाई संपली, रेल्वेने कोळशाच्या वाघिणी पुन्हा येऊ लागल्या. शेड बंद झाली, काळं पाणी परत ओढ्यात जाऊ लागलं. मला कागद निवडायला बसवलं. उरलेले गोळे आम्ही चौघींनी वाटून घेतले. माझ्या चुलीला ते पावसाळाभर पुरले.