आष्टीला मिळालेली सनद

हसू नका असं सांगून आजवर कोणी थांबलेलं नाही, तेव्हा आधीच परवानगी देतो, मनसोक्त हसा. फक्त हातातला चहा खाली ठेवा. मागं हाच किस्सा ऐकताना आमच्या एका हेडमास्तरांना असा ठसका लागला होता की पाठ चोळायला माणूस बोलवावा लागला.

तर मला सांगा, मुलगी पाहायला गेलेल्या नवऱ्या मुलाला मुलीच्याच घरातून दंडाला धरून बाहेर काढलेलं तुम्ही कधी ऐकलंय? आणि तेही बशीतलं खाणं संपायच्या आत?

तो नवरा मुलगा मी!

तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य. मी तीर्थपुरीच्या शाळेत मास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत औरंगाबादेला मास्तर लोकांचा उजळणी वर्ग भरायचा, आणि त्या वर्षी विषय अगदीच नवा निघाला. पोरांचं मन कसं ओळखायचं, घरच्यांची समजूत कशी घालायची! शिकवायला हैदराबादहून एक साहेब आले होते. शेरवानी, चष्मा, गोड उर्दू. विलायतेत शिकलेले आणि तिथून पुढं व्हिएन्ना नावाच्या गावी एका मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली राहून आलेले.

त्या डॉक्टरचं म्हणणं असं की माणूस ओळखायचा तर कुंडली बघू नका, तो भावंडांत कितवा ते बघा. थोरलं लेकरू म्हणजे घरातला राजा. धाकटं जन्मलं की त्याची गादी जाते, आणि ते जन्मभर ती गादी शोधत फिरतं. धाकट्याला वाटत राहतं, आपण सगळ्यांपेक्षा कमी. ह्याला साहेब म्हणायचे 'एहसास-ए-कमतरी'. काय शब्द हो! नुसता उच्चारला तरी माणूस शिकलेला वाटायचा. मी तो दिवसभर उच्चारायचो.

साहेब बजावायचे, समोरच्याच्या बरोबरीनं बसा, कोणी वर कोणी खाली असं नको. त्याला त्याची अगदी पहिली आठवण विचारा, त्यात सगळा माणूस सापडतो. आणि काही झालं तरी रागावू नका, हौसला द्या, शाबासकी द्या! शेवटच्या दिवशी त्यांनी आणखीही काहीतरी सांगितलं म्हणे. पण त्या दिवशी जेवणात बिर्याणी होती आणि माझा डोळा लागला. एवढं तेवढं लक्षात असू द्या.

गावी आलो तो थेट डॉक्टर होऊनच. शेजारच्या काकूंना एहसास-ए-कमतरी, पिठाच्या गिरणीवाल्याला एहसास-ए-कमतरी. आमच्या गाडीचा डावा बैल अडून बसायचा, त्यालासुद्धा मी उजव्याचा धाकटा भाऊ ठरवून शाबासकी देत बसलो. आई म्हणाली, "औरंगाबादचं पानी बाधलंय लेकराला. लगीन करून टाका ह्याचं."

लग्नाला माझी ना नव्हतीच. पण मुलगी एकच हवी होती, आष्टीची सुभद्रा. एका लग्नाच्या पंगतीत तिला वाढताना बघितलं होतं. एक पाहुणे वरण गार आहे म्हणून फुगून बसले होते. ही त्यांना म्हणाली, "जेवायचं न्हाई तर उठा बरं, मागं दुसरी पंगत खोळंबलीय." पाहुणे मुकाट्यानं जेवले. त्या दिवसापासून मला दुसरी मुलगी दिसेचना.

अडचण घरची होती. सुभद्रा म्हणजे आण्णांची एकुलती एक लेक. आण्णांना मुलगा नाही, रान मात्र भरपूर. शेजारीच धाकटे भाऊ बापू. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं वाजलं आणि कैक वर्षं बोलणं बंद. पण गंमत बघा, चुलत्यानं हो म्हटल्याशिवाय आण्णा लेक द्यायला तयार नाहीत! आणि बापूंना प्रत्येक नवऱ्या मुलाचा एकच संशय, हा मुलगी न्यायला आलाय का घरजावई होऊन रान बळकवायला? आलेली चांगली चांगली स्थळं त्यांनी ह्याच पायी परत लावली होती.

माझ्या मामांनी खटपट करून आमचं जमवत आणलं. मास्तर मुलगा शिकलेला आहे, स्वतः येऊन बघतो म्हटल्यावर आण्णांनी तेही चालवून घेतलं. बैलगाडीत मामा मला सारखे पढवत होते.

"हे बघ, रानाचं नाव काढायचं न्हाई."

"नाही काढणार."

"हिरीचं न्हाई, वाटनीचं न्हाई."

"मामा, मला काय करायचंय रानाशी?"

"नाव विचार, शिक्षन विचार, समोर येईल तो मुरमुऱ्याचा सुशीला खा, गप बस. बाकी मी बघतो."

आता इतकं सोपं काम माझ्या हातून बिघडेल असं कोणाला वाटलं असतं?

आष्टीला पोचलो. मला गादीवर बसवलं. समोर सतरंजीवर आण्णा, त्यांच्या बाजूला बापू, मध्ये मामा. मामांना मध्ये का बसवलं ते लगेच कळलं.

आण्णा म्हणाले, "मामा, त्यांला म्हनावं सुपारी घ्या."

बापू म्हणाले, "मामा, त्यांला म्हनावं घेतली."

हात लांबवला तर एकमेकांच्या पानाच्या डब्यात जाईल एवढं अंतर! माझ्या अंगात साहेब संचारले. अहो, ज्याची गादी गेली तो थोरला आणि ज्याला कमतरी तो धाकटा, दोघं एकाच सतरंजीवर! आणि मी मात्र वर बसलेला? बरोबरीनं बसा असं साहेब कळवळून सांगत होते, ते कशासाठी?

मी उठलो, गादीवरून उतरलो आणि आण्णांच्या गुडघ्याला गुडघा लावून सतरंजीवर बसलो.

नवरा मुलगा गादीवरून उठला म्हणजे रुसला, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. पण तेव्हा आठवलं नाही.

"काय कमी पडलं पाव्हन्याला?" आण्णा गडबडून म्हणाले. पाहुणा खाली आला, मग यजमानानं त्याच्या बरोबरीनं कसं बसायचं? ते सतरंजी सोडून फरशीवर सरकले. मीही फरशीवर सरकलो. ते आणखी मागं सरकले. मी त्यांच्या मागं. ते सरकतायत, मी सरकतोय, असं करत करत आम्ही दोघं उंबऱ्यापर्यंत आलो, आणि आमच्या मागोमाग सरकत मामा आणि बापूही.

आणि नेमकी त्याच वेळी सुभद्रा सुशीलाच्या बशा घेऊन बाहेर आली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा तो वाफाळता वास अजून नाकात आहे. तिनं रिकाम्या गादीकडं बघितलं, उंबऱ्यात बसलेल्या बापाकडं बघितलं, बापाला चिकटून बसलेल्या माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. लाजून नव्हे हो, हसू दाबायला!

"नाव विचार," मामा दात आवळून म्हणाले.

मी विचारलं, "तुम्ही घरात कितव्या?"

"एकलीच."

"वा! एकुलत्या लेकराचं बरं असतं. सगळं आपलंच, वाटेकरी कोणी नाही!"

बापूंचा अडकित्ता सुपारीवरच थांबला. "मामा, पाव्हन्याला इचारा, सगळं म्हंजे कोन्तं सगळं?"

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बापूंना विषयाची गोडी लागली! म्हटलं, "सांगतो ना. आता हे आण्णा थोरले. बापू, तुम्ही जन्मलात आणि ह्यांचं राज्य गेलं."

राज्य गेलं! मामांनी आधी दाराबाहेर बघितलं, रस्त्यावर कोणी सरकारी माणूस नाही ना म्हणून.

"माझं काय गेलं?" आण्णा म्हणाले.

"निम्मं गेलं ना, आण्णा! आधी सगळं तुमचं, मग वाटेकरी आला. मनात सल राहणारच. आणि बापूंना जन्मभर वाटणार, आपल्याला कमीच मिळालं."

अहो, मी आईच्या मायेबद्दल बोलत होतो! पण ते सांगायचंच राहून गेलं. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की सगळ्यांच्या डोक्यात असेल असं मी धरून चाललो.

"मामा!" बापू गरजले. "ह्यो मुलगी पाह्यला आल्ता का रान मोजायला?"

मामांनी माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, "मामा, पाय काढा, दुखतंय." मोठ्यानं म्हटलं. मग मी बापूंकडं वळलो. रागावलेल्या माणसाला शांत करायचा उपाय माझ्यापाशी होता ना!

"बापू, ते राहू द्या. तुमची अगदी लहानपणची पहिली आठवण सांगा."

"पैली याद?" बापूंनी अडकित्ता माझ्यावर रोखला. "ह्याच भावानं मला हिरीत ढकललं, ती माझी पैली याद!"

आण्णा मामांना विसरले. "ढकललं? पवायला शिकवून राह्यल्तो तुला!"

मामा सवयीनं म्हणाले, "बापू, ते म्हनतेत की..."

"मला ऐकू आलं! शिकवनारे दोर बांधतेत आधी!"

"बांधला व्हता! तूच सोडला. म्हने मला न्हाई लागत!"

"मंग मी बुडत होतो तव्हा कुठं गेल्ता?"

"कुठं? तुझ्या मागं उडी हानली, कपड्यांसगट! आन वर आल्यावर मायचा मार कोनी खाल्ला?"

"मार? माय तर म्हनली, आण्णाला गूळ दिला."

"कुठला गूळ, येड्या? मला फोकानं झोडपलं. दोन दिस बसता येत नव्हतं मला."

बापूंच्या हातातला अडकित्ता हळूच खाली आला. "मला कधी सांगितलं न्हाई, आण्णा."

"तू इचारलं कधी?"

दोघं भाऊ एकमेकांकडं बघत होते. मामांनी डोळे पुसले. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? गप बसतो. सुशीला खातो.

पण मला तर हौसला द्यायचा होता! मी उठलो, एक हात आण्णांच्या पाठीवर, एक बापूंच्या पाठीवर मारला, आणि बिगरीतल्या पोरांना म्हणतो तसं म्हणालो, "शाबास! शाबास रे! किती छान बोललात! बघा, आता कोणाला किती मिळालं हा प्रश्नच मिटला!"

दोघांनी एकदम माना वळवल्या.

"आण्णा, ह्याला इथं कोनी आनलं?"

"ते मंग बघू. बापू, तू तो हात धर, मी ह्यो धरतो."

इतक्या वर्षांनी दोन भावांनी मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे मला बाहेर काढणं! आणि एकजूट अशी की माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

परतीच्या वाटेला मामा माझ्याशी बोलेनात. जे काय सांगायचं ते बैलाला सांगत होते. "सर्जा, ह्या शहान्याला सांग, आता कुठंच मुलगी पाह्यला जाऊ नको म्हनावं. सर्जा, त्याला सांग, त्याच्या मायला मी काय तोंड दाखवू?"

मला हसू आलं नाही. डोळ्यांपुढं तो पदर तोंडाला लावलेला चेहरा होता, आणि तो आता दुसऱ्या कोणाच्या घरी जाणार होता. इतकं वाईट मला आयुष्यात वाटलं नव्हतं. साहेबांचा एकही उपाय स्वतःवर चालेना.

आष्टीची शीव ओलांडली असेल नसेल, तोच मागून घोडीच्या टापा! बघतो तर बापू! मी गाडीच्या साट्याखाली जायच्या तयारीत.

"मामा, गाडी थांबवा! वापस चला, जल्दी. कुंकू लावायचं हे."

मामांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कोनाला?"

"ह्याला. आम्ही दोघं भाऊ बसलो, इचार केला. आण्णा म्हनले, स्थळ गेलं. तर आतून सुभद्रा म्हनली, ज्याला रान पाहिजे तो गादी सोडून उंबऱ्यात येऊन बसल का? म्या म्हनलं, पोरगी बराबर बोलून राह्यली." बापूंनी माझ्याकडं मोठ्या मायेनं बघितलं. "जमिनीवर डोळा असनारा मानूस हुशार असतो, मास्तर. तुमच्याबद्दल आमची बिलकुल खातरी झाली."

लग्न झालं. विहिरीवर दोघा भावांच्या मोटा पाळीपाळीनं चालू लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी उजळणी वर्गाला छाती काढून गेलो आणि सगळ्या मास्तरांपुढं ही हकिकत सांगितली, दोन भाऊ मी कसे बोलते केले म्हणून.

साहेबांनी चष्मा काढला. "सलाह माँगी किसने थी?"

"कोणी नाही, साहेब."

"पिछले साल आखरी दिन मैंने एक ही बात कही थी। जहाँ अपना दिल अटका हो, वहाँ ये हुनर मत आजमाना। आप सो रहे थे।"

वर्ग किती वेळ हसत होता ते विचारू नका. सनद मात्र दिली त्यांनी. माणसाचं मन ओळखण्यास लायक, असं सुंदर उर्दूत लिहिलेली. ती ट्रंकेत पडून आहे, आजवर कोणी बघायला मागितली नाही.

चालते ती आष्टीची. बापू होते तोवर सासुरवाडीला कोणी नवा पाहुणा आला की माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे थोरले जावई. मास्तर हेत. बिलकुल खातरीचे!" आणि खातरीचे म्हणजे काय, ते सगळ्या आष्टीला माहीत.

बापूंचे जावईही यायचे. ते सगळे गादीवर, लोडाला टेकून. मी जरा तिकडं वळलो की आतून सुभद्रा आवाज द्यायची, "त्यांला नका गादीवर बसवू, उंबऱ्यात सतरंजी टाका. तिथूनच जमलंय त्यांचं!"