टेकडीच्या पायरीशी लागलेली बोट

त्या दुपारी मला धरणातल्या टेकडीवरच्या मायचा, आमच्या देवीचा, भयंकर राग आला होता. नवरात्रभर उपास धरले, तिला नवं लुगडं नेसवलं, आणि दसरा होऊन थोडे दिवस जात नाहीत तोच तिनं मला भर धरणात, कळा सुरू झालेल्या सुनेसकट, बंद मोटारीच्या बोटीत बसवून ठेवलं. आज नात मांडीवर झोपली आहे, म्हणून लिहिताना थोडं हसू येतं.

आमचं गाव धरणाच्या अलीकडच्या काठावर, वरूडच्या दवाखान्याचा रस्ता पलीकडे. परतीच्या पावसानं नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेला होता. मुलगा संत्र्याचा ट्रक घेऊन बाहेरगावी. पलीकडच्या काठावर अँब्युलन्स येऊन थांबल्याचा फोन आला, तसं मी बायकोला आणि सुनेला बोटीत बसवलं. रोजची मासेमारी आम्ही वल्ह्यावरच करतो. ही जुनी मोटार फक्त लांबच्या फेरीला लावायची. दसऱ्याच्या पूजेनंतर ती पहिल्यांदाच पाण्यात उतरली होती.

थोडं अंतर छान गेली, मग गुरगुरून बंद पडली. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल भरपूर. झाकण लावलं, दोरी ओढली, चालू झाली. पुन्हा तेवढंच जाऊन बंद. प्लग पुसला, गाळणी धुतली, नळी फुंकून पाहिली. टाकीकडून येणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो दाबला की पेट्रोल पुढे जातं. तो आत ओढला जाऊन चपटा झाला होता, काही केल्या फुगेना. वारा समोरून, आणि एकट्याच्या वल्ह्याला बोट दाद देईना.

“मामाजी, मले नाई सहन होऊन राहिलं,” सून कळवळली. बायको म्हणाली, “अवो, करा ना काई तरी!” मी तिच्यावर खेकसलो. मग पाण्यातल्या त्या टेकडीकडे पाहून मायवरही खेकसलो, “घे, आता तूच ने!” आणि वल्हं खाली टाकलं. याला कोणी शरणागती म्हणू नये, तो निव्वळ फणकारा होता. पण वाऱ्यानं बोट फिरवली आणि टेकडीच्याच पायऱ्यांशी आणून लावली. धरण भरलं की देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पाणी येतं.

वरच्या पायरीवर एक अनोळखी म्हातारी मायच्या दिव्यात डब्यातून तेल ओतत होती. तेल भसकन यायचं आणि थांबायचं. मला पाहून म्हणाली, “भाऊ, पेचकस हाय का तुह्यापाशी? म्या एकच भोक पाडलं. दुसरं पाडून दे, आत हवा गेल्याबिगर तेल कसं येईन?” इथे माझ्या घरचे दोन जीव अडकले आहेत आणि हिला तेलाचं पडलंय, असं मनात आलं. पण मायच्या दिव्याला नाही कसं म्हणायचं? चडफडत पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला आणि भोक पाडलं. तेलाची धार सरळ सुरू झाली, आणि मी तिथेच थबकलो.

टाकीच्या झाकणालाही हवेसाठी एक बारीक छिद्र असतं. आमच्याकडे दसऱ्याला मोटारीला, टाकीला तेलात कालवलेला शेंदूर लावतात, आणि देवाचा शेंदूर खरवडायचा नसतो म्हणून जुन्यावर नवा चढत जातो. यंदा घरात बाळ येणार म्हणून मी भक्तीनं भरगच्च लेप दिला होता. छिद्र त्याखाली पार बुजलं होतं, आत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल बाहेर येत नव्हतं.

धावत येऊन झाकणावर पेचकस टेकवला, पण हात पुढे होईना. म्हातारी वरून ओरडली, “खरवड ना बाप्पा! मायले का शेंदूर कमी हाय?”

खरवडला. सुस्स आवाज झाला आणि तो चपटा फुगा हळूहळू गोल झाला. ते पाहून मला रडूच फुटलं. दोरी ओढली, आणि मोटार थेट पलीकडच्या काठापर्यंत न अडखळता गेली. सून वेळेत दवाखान्यात पोचली. मायलेकी सुखरूप आहेत.

म्हातारीचं नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. काठच्या गावांत चौकशी केली, कोणाला नीट सांगता आलं नाही. ती कोण होती याचा मी फार कीस काढत नाही. एवढं मात्र कळलं, की मायनं काहीच अडवलं नव्हतं. वाट मीच बुजवली होती, तीही तिच्याच नावानं. आणि हातातलं वल्हं रागानं का होईना, सुटलं, तेव्हा तिनं मला नेमकं हवं तिथे नेलं.

बारशाच्या आधी सगळे टेकडीवर गेलो. नव्या डब्याला दोन भोकं पाडून दिव्यात तेल घातलं. परतताना बायकोनं सवयीनं शेंदराची वाटी टाकीकडे नेली. मी तिचा हात धरला.

“झाकणाले नाई. मोटारीले लाव, टिकलीएवढा. तेवढ्यात भागते मायचं.”