तीन महिने धीर धरा

बाईंच्या पर्समधून ती चपटी स्टीलची डबी निघाली की आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकींकडे बघायचो. आता सुरू. "मॅडम, ही मॅग्नेशियमची गोळी, ही बी-टू व्हिटॅमिनची. तीन महिने धीर धरा, मंग पा." पुढचं वाक्यही पाठ होतं. "लघवी हळदीवानी पिवळी होते, भेऊ नका." समोर चित्रकलेचे सर डबा खात असले तरी बाईंना काही वाटायचं नाही.

आमच्या अमरावतीच्या शाळेत या बाई विज्ञान शिकवायच्या, मी गणित. त्यांची अर्धशिशी तुम्ही पाहिली असती तर त्या डबीची थट्टा केली नसती. ऊन लागलं, कुणी उदबत्ती लावली, की डावा डोळा बारीक व्हायचा. मग ओला दुपट्टा डोक्याला करकचून बांधून त्या प्रयोगशाळेमागच्या अंधारखोलीत जायच्या. भिंगांच्या प्रयोगांसाठी खिडक्यांना काळा कागद लावलेली ती खोली. आम्ही त्यांचे तास वाटून घ्यायचो आणि आतून उलटीचा आवाज ऐकायचो.

आधीच्या औषधाने त्या वर्गात पेंगायच्या, म्हणून डॉक्टरांना विचारून या गोळ्या सुरू केल्या. पहिला महिना कोरडा गेला, दुसराही. मग खरंच गुण आला. अंधारखोलीत कोळ्यांनी जाळी धरली. एवढी सुटका झालेलं माणूस गप्प कसं बसेल? शेजारीण, एसटीतली अनोळखी बाई, लग्नातली नवरीची मावशी, सगळ्यांना त्या धीर धरायला लावायच्या.

"कंपनी कमिशन देते वाटतं तुम्हाला," मी म्हणायचे.

"देत असती तं तुमाले पार्टी नसती का देल्ली?"

त्यांची धाकटी बहीण तेल्हाऱ्याला अंगणवाडी सेविका होती. तिचं डोकं दुखायला लागलं तेव्हा या स्वतः जाऊन गोळ्या देऊन आल्या. मधल्या सुट्टीत तिचा फोन यायचा. हात खरकटे, म्हणून तो स्पीकरवर.

"ताई, सकायी उठली का ओकारी येते."

"अवं, अर्धशिशीत येते तशी."

पुढच्या आठवड्यात, "ताई, एकाचे दोन दिसून राहिले व."

"मलेबी डोयासमोर चमके. तीन महिने धीर धर, मंग पाय."

बहिणीने धरला. मोठ्या बहिणीचा शब्द, त्यातून ती विज्ञानाची बाई.

तिसरा महिना संपायच्या आत ती मुलांना खिचडी वाढता वाढता कोसळली. अकोल्याला नेलं. डोक्याचा फोटो काढला, तर मेंदूत गाठ होती, कधीची वाढत असलेली. "आधी का नाही आणलं?" एवढंच डॉक्टरांनी विचारलं. त्या दवाखान्यातून बहीण घरी आली नाही.

त्यानंतर डबी कधी दिसली नाही. त्यांनी गोळ्याच सोडल्या. अंधारखोली पुन्हा झाडली गेली. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. एकदा म्हटलंच, "अहो, तुम्हाला गुण होता ना? गोळीचा काय दोष?"

"मले गुण आला, म्हणूनच तं तिले सांगतलं."



पुढे वर्गात एखादी पोरगी नुसतं "डोकं दुखते" म्हणाली की त्या खडू खाली ठेवायच्या आणि तिला ऑटोत घालून दवाखान्यात न्यायच्या. कुणाला चष्मा लागायचा, कुणी सकाळपासून उपाशी असायची. मुख्याध्यापिका चिडायच्या, पालक हसायचे. पोरी महाबिलंदर, पुढच्या तासाला माझी चाचणी असली की मुद्दाम डोकं धरून बसायच्या. बाईंना ते कळायचं. तरी न्यायच्या.

मागच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला मांडव, हार, वर भसाभसा उदबत्त्या. भाषण अर्ध्यावर टाकून त्या उठल्या आणि भिंत धरत अंधारखोलीकडे गेल्या. मी पाणी आणि वेदनेची गोळी घेऊन मागे धावले.

"निदान आज तरी घ्या हो."

"तिनं तीन महिने काढले, मॅडम. मले एक दुपार नाही काढता येत?"

त्यांनी दार लावून घेतलं. कुणी उघडू नये म्हणून मी बाहेर स्टूल टाकून बसले. मांडवात माईकवर त्यांचं नाव पुकारलं जात होतं. आतून बारीक आवाज यायला लागला. कण्हताहेत असं वाटलं, म्हणून दाराला कान लावला.

"आणलं असतं व तुले," त्या म्हणत होत्या. "आणलं असतं."