कानांवर हात

आमच्या इथले एक म्हातारे गृहस्थ बोलण्याआधी दोन्ही तळवे आपल्या कानांवर दाबायचे आणि विचारायचे, "आपल्याला हात हायेत. कुत्र्यानं काय करायचं?"

जामखेडला जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर दरवर्षी वसुबारसेच्या आधी ते दारोदार फिरायचे. "गाईला ववाळता, मग दारातल्या कुत्र्याकडं बी बगा की. फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत घ्या. खिडकीला गोधडी लावा, टीव्ही चालू ठेवा. जवळ मानूस बसू द्या."

तुम्हीही हसला असता. आमच्या गल्लीत त्यांना 'कुत्र्यांचे कीर्तनकार' म्हणत. हे नाव मीच ठेवलं होतं.

आमचा कुत्रा बंड्या त्यांचा लाडका. ते फाटकाशी आले की तो त्यांची एक चप्पल पळवायचा. मग ते एकाच पायात चप्पल घालून गल्लीभर उपदेश करत हिंडायचे.

एका दिवाळीला पुण्याहून पाहुणे आले. त्यांना कुत्र्याची भीती, म्हणून बंड्याला गच्चीवर बांधलं. कीर्तनकार दोनदा आले. "सर, वर नका ठिवू. भ्यालं की त्येला कठडा दिसत न्हाई."

"चारच दिवस," मी म्हणालो आणि फाटक लावून घेतलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत फटाक्यांची मोठी माळ लागली. साखळी तोडून बंड्याने खाली उडी टाकली. पाठीचा कणा मोडला. ते धावत आले, रस्त्यातच मांडी घालून बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पलीकडे दुसरी माळ अंथरणं चालू होतं.

"थांबा की जरा," ते म्हणाले.

कुणी थांबलं नाही. मीही काही बोललो नाही. सणासुदीला शेजाऱ्यांशी वाईटपणा कशाला?

त्यांच्या हातातच तो गेला. सकाळी ओढ्याकाठी खड्डा त्यांनीच खणला. माती लोटून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाव्हनी मंडळी घाबरली न्हाईत ना?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढच्या दिवाळीला ते सगळ्या गल्लीत फिरले. आमचं घर तेवढं वगळलं.

यंदा श्रावणात ते वारले. दिवाळीआधी कुणीच आलं नाही. समोरच्यांनी नवं पिल्लू आणलंय; धनत्रयोदशीला ते अंगणात खांबाला बांधलेलं दिसलं. पहिल्याच फटाक्याला ते जमिनीशी चिकटलं. मी उठलो, रस्ता ओलांडला, बेल वाजवली.

दार उघडलं. मी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि परत आलो.