आईच्या पाठीवरचा पंप

स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना तो वास आला की मला वसईतली आमची मोगऱ्याची वाडी आठवते. आमच्या फवारणीच्या पंपाला पेट्रोलचं इंजिन होतं. दोरी ओढून ते चालू करणं फक्त बाबांनाच जमायचं, आणि त्या वर्षी नेमका त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. कळ्यांत अळी शिरली तेव्हा शेजाऱ्यांची मनधरणी करण्याऐवजी आईने मामाकडून बॅटरीवरचा नवा पंप मागवला. "खेळणं आहे ते," बाबा म्हणाले. आईने तो दुपारभर चार्ज केला, साडीवर बाबांचा जुना फुल शर्ट चढवला, तोंडाला रुमाल बांधला, पंप पाठीवर घेऊन बटण दाबलं आणि वाडीत शिरली. बाबा ओट्यावर कान देऊन बसले. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. चर्चची संध्याकाळची घंटासुद्धा स्वच्छ ऐकू आली. शेवटी त्यांनी न राहवून हाक मारली, "बंद पडला ना?" रांगांआडून आईचा आवाज आला, "चालू आहे. शेवटची रांग राहिलीय!" प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा फवारणीला निघताना बाबांनी तिला विचारलं, "तुझा पंप नेऊ का?" ते आठवून आजही मी पेट्रोल भरणाऱ्यासमोर उगाचच ताठ उभी राहते.